खेळाचा तास आणि चारित्र्याची घडण

शरीर, मन आणि बुद्धी या तिन्हींचा विकास म्हणजे शिक्षण, असे आपण वर्गात शिकतो. प्रत्यक्षात मात्र खेळाचा तास म्हणजे रिकामा तास, अशीच समजूत दिसते. लातूर पॅटर्नने ग्रामीण विद्यार्थ्याला गुणवत्ता यादीत नेले, याचा आपणास अभिमान आहे, पण गुणांच्या या चढाओढीत "खेळून पोट भरते का?" हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. ज्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयात आले आहे, तेथे हा प्रश्न गैर म्हणता येणार नाही. म्हणून त्याचे उत्तर विचारपूर्वक दिले पाहिजे.

पारंपरिक खो-खो पाहा. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. पळणारा मागे निसटला, की खो देऊन स्वतः बसावे लागते. हातची संधी सोबत्याला देणे हा तेथे नियमच आहे. कबड्डीत बाद झालेला गडी परत आत येतो तो सोबत्याने प्रतिस्पर्धी बाद केला तरच. परस्परावलंबन ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते, मैदानावर अंगात मुरते.

आपल्या मातीतही दाखले आहेत. लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडविले. त्यांचे शिष्य, लातूरचेच काका पवार, अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि तेही वस्ताद झाले. मिळालेली विद्या पुढे देणे, हेच चारित्र्य! नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव अपंगत्वावर मात करून गोळाफेकीत उतरल्या आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनप्रसंगी सुमित अंतिल यांच्यासह भारताच्या ध्वजवाहक झाल्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खेळ, योग यांना पदवी अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. हे स्वागतार्ह आहे. परंतु चारित्र्य हजेरीपटावर उतरत नाही. निवडक संघ खेळतो आणि बाकीचे फक्त सही करतात, असे झाले तर श्रेयांक मिळतील, संस्कार मिळणार नाहीत. शिवाय सराव बहुधा सायंकाळी असतो. खेड्यावरून येणाऱ्या मुलींना तेव्हा शेवटची एस. टी. गाठायची असते. त्यांना आवड नाही असे नव्हे, त्यांना वेळ नाही. दोन तासिकांच्या मध्ये अर्धा तास मैदान सर्वांसाठी खुले ठेवले, तर खर्च न करता हा प्रश्न बराच सुटेल.

१९९४ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांच्यामागे उभे राहिलेल्यांत विद्यार्थीही होते. शिस्त, धैर्य आणि एकजूट हा आपला वारसा आहे. तो जपायचा असेल तर ग्रंथालयाइतकीच मैदानावरही गर्दी दिसली पाहिजे. पोट भरण्यासाठी पदवी लागेल. पण पदवी मिळूनही नोकरी मिळाली नाही, तर पुन्हा उभे राहण्याचे बळ मैदानच देईल.