संतांची चरित्रं मधल्या पानांपासून वाच गं

उपवासकाळ आला की तू एखादं संतचरित्र हातात घेतेस आणि चार पानांत मिटून ठेवतेस, हे मला ठाऊक आहे. पहाटे डबे, मग लोकलची धावपळ, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. हे सगळं उरकून पुस्तक उघडावं, तर त्यात कुणीतरी रात्र रात्र गुडघे टेकून बसलेलं असतं. मग तुझं मन खट्टू होतं. रोझरीच्या तिसऱ्या रहस्याला डोळा लागणाऱ्या बाईनं संतांकडून काय शिकायचं, असं वाटायला लागतं.

खरं सांगू का, आपण संतांना भेटतो ते वेदीवरच्या मूर्तीतून. शेवट आधीच माहीत असतो, म्हणून मधली वर्षं आपण भराभर उलटून टाकतो. आणि तुझ्या-माझ्या उपयोगाचं सगळं त्या मधल्या वर्षांतच असतं. तिथे ही माणसं दमलेली, वैतागलेली, नाकारलेली, शंकांनी घेरलेली सापडतात. त्यातलं तुझ्या अडचणीशी जुळणारं एक माणूस शोध आणि त्या अडचणीत त्यानं काय केलं, एवढंच बघ. बाकीचं राहू दे.

आता झोपेचंच घे. लिझ्यूच्या कार्मेल मठात छोटी तेरेजा १८८८ मध्ये, पंधराव्या वर्षी दाखल झाली. प्रार्थनेच्या वेळी तिला वर्षानुवर्षं झोप येत असे आणि तिनं ते स्वतःच्या आत्मचरित्रात सरळ लिहून ठेवलंय. त्यावर तिनं स्वतःची समजूत कशी घातली, बघ: आईबापांना मूल जागं असताना आवडतं तितकंच झोपलेलं असतानाही आवडतं, मग देवाला का आवडू नये? रोझरी म्हणणं आपल्याला फार जड जातं, हेही तिनं मान्य केलंय. आणि तिच्याही तीनशे वर्षं आधीची आविलाची मोठी तेरेजा? प्रार्थनेवर जिची पुस्तकं आजही वाचतात, ती लिहिते की कित्येक वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा घड्याळाच्या टोल्याकडे असे. तास कधी संपतोय, याची ती वाट बघायची. तरी बसायची मात्र रोज. या दोघींनाही ख्रिस्तसभेनं पुढे धर्मपंडित म्हणून गौरवलं, मोठीला १९७० मध्ये आणि छोटीला १९९७ मध्ये. तेव्हा पेंगत म्हटलेली प्रार्थना फुकट गेली, असं आजपासून म्हणायचं नाही.

यांच्याहूनही तुझी खरी मैत्रीण होईल ती झेली मार्टिन, छोट्या तेरेजाची आई. फ्रान्समधल्या आलाँसों गावात तिचा लेसचा धंदा होता. तिथली लेस सुईनं, तुकड्यातुकड्यांनी करायची. कारागीर बायका आपापल्या घरी तुकडे करून आणायच्या आणि ते जोडण्याचं नाजूक काम झेली स्वतः करायची. ऑर्डरच्या तारखा, हिशेब, घरात लेकरं. तिला नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. नवरा लुई घड्याळजी. पुढे त्यानं आपलं दुकान सोडलं आणि बायकोच्या धंद्याचे व्यवहार अंगावर घेतले. दीडशे वर्षांपूर्वीचा नवरा हा! तुझ्या नवऱ्यालाही ही गोष्ट जरूर सांग.

झेलीची दोनशेहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. भावाला, वहिनीला, बोर्डिंगमधल्या मुलींना लिहिलेली. ऑर्डर वेळेत होत नाहीये, मूल तापानं फणफणलंय, या लेसच्या कामानं जीव नकोसा केलाय, असंच त्यात भरलंय. १८७३ मध्ये तेरेजा जन्मली तेव्हा झेलीला तिला अंगावर पाजणं जमेना आणि बाळ अगदी क्षीण झालं. मग तिनं बाळाला सेमाले गावातल्या रोझ ताईये या शेतकरी बाईकडे दिलं आणि तेरेजा वर्षभर तिथेच वाढली. बाळाला वरचं दूध द्यावं लागलं म्हणून तू महिनाभर रडली होतीस ना? संत झालेल्या आईनं संत झालेल्या मुलीला दुसरीच्या दुधावर वाढवलंय, हे लक्षात ठेव.

आणि लिओनीची गोष्ट तर प्रत्येक आईनं वाचावी. झेलीची ही मुलगी लहानपणी सतत आजारी, मग हट्टी, अभ्यासात मागे. बोर्डिंगच्या शाळेनं तिला परत पाठवलं. झेलीचा सगळा जीव तिच्यात अडकलेला. १८७७ मध्ये कळलं की घरातली मोलकरीण लिओनीला दरडावून, धाकात ठेवून वागवत होती. मुलगी त्याच घरात, आई त्याच घरात, तरी कळलं नव्हतं. झेलीला तोवर स्तनाचा कॅन्सर होता. जूनमध्ये ती लूर्दला जाऊन आली, बरी झाली नाही, आणि २८ ऑगस्टला, ४५व्या वर्षी गेली. पण मधल्या त्या थोड्या महिन्यांत तिनं लिओनीला जवळ घेतलं आणि पोर आईला बिलगली. लिओनी पुढे मठात गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि १८९९ मध्ये काँ शहरातल्या मठात कायमची स्थिरावली. झेलीनं हे काही पाहिलं नाही. तुझ्या मुलाचं गणित आणि त्याचा राग या वर्षी सुटला नाही, तर तू हरलीस असं नाही गं. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी झेली आणि लुई यांना एकत्र संत घोषित केलं. नवरा-बायकोला जोडीनं संत घोषित करण्याची ती पहिलीच वेळ होती.

झेलीकडून एकच घे. दमलीस की दमले म्हण, आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला ते सांग. वहिनी असो, बहीण असो, शेजारीण असो. तिनं पत्रं लिहिली, तू फोन कर.

राग येतो म्हणून कुढतेस, त्यावरही छोट्या तेरेजाकडे एक उपाय आहे. एकदा मदर आजारी होत्या आणि तेरेजा किल्ल्या परत द्यायला त्यांच्या खोलीपाशी गेली. मदर जाग्या होतील म्हणून दुसरी सिस्टर किल्ल्या तिच्या हातातून काढून घ्यायला लागली. त्या ओढाताणीत मदर जाग्या झाल्या आणि सगळा ठपका तेरेजावर. तिला जाब द्यायचा होता, पण तोंड उघडलं तर आपला तोल जाणार, हे तिनं ओळखलं. मग काय केलं? तिथून सरळ पळ काढला आणि जिन्यावर जाऊन बसली, छाती धडधडत असताना. झगडा जिंकण्याची ताकद नसेल तेव्हा निघून जाणं हाच आपला शेवटचा मार्ग, असं ती मोकळेपणी लिहिते. स्वयंपाकघरात शब्दाला शब्द वाढायला लागला की गॅस बारीक कर आणि गच्चीवर जा. खुशाल जा.

नोकरीत बढती हुकली, कुठे पुढे येऊ देत नाहीत असं वाटतंय? मग आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियाकडे बघ. जपानमध्ये त्यानं जेझुइटांसोबत आठ वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं, पण त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. त्यानं व्यापार केला, मग मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. आधीच्या वर्षांत शिकलेली जपानी भाषा तेव्हा कामी आली आणि तो दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ज्या २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यात तो होता; १८६२ मध्ये तो संत झाला. आठ वर्षं वाया गेली असं त्यालाही वाटलं असेल, पण त्याच वर्षांनी त्याला भाषा दिली.

शंका येतात म्हणून घाबरू नकोस. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्या पत्रांतून कडकडून वाद घालत राहिल्या. पटेल तेच मानीन, हा त्यांचा बाणा. आपल्याला धर्म सापडला होता, पण ख्रिस्त भेटायला पुढे जवळजवळ आठ वर्षं लागली, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. याच बाईनं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईला श्रद्धा नसते, असं कुणी म्हणालं तर रमाबाईंचं नाव घे.

आता जरा दटावून सांगते, नीट ऐक. संतांची प्रत्येक गोष्ट उचलायची नसते. सिएनाच्या कॅथरीननं अन्न जवळजवळ सोडलं आणि ती १३८० मध्ये अवघ्या ३३व्या वर्षी गेली. ते तुझ्यासाठी नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि आजारी बायकांना ख्रिस्तसभा स्वतःच उपासातून सूट देते. तुला शुगर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरायचा नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. नवऱ्याचा छळ सोसलेल्या कॅशियाच्या संत रीटाचं उदाहरण देऊन मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर' म्हणणारे लोक असतात. त्यांचं मुळीच ऐकू नकोस. रीटा संत झाली ती तिच्या प्रेमामुळे आणि क्षमेमुळे, मारामुळे नाही. जोडीदारापासून शरीराला, मनाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यातच आहे. तुझ्यावर किंवा तुझ्या एखाद्या मैत्रिणीवर ती वेळ आली, तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तातडीची गरज असेल तर ११२. आधी सुरक्षित हो, प्रार्थना तिथून कर.

मग वाचायचं कसं? एका वेळी एकच संत घे आणि दोन-तीन महिने त्याच्याबरोबर काढ. शक्य असेल तिथे त्याची स्वतःची पत्रं किंवा आत्मकथन आधी वाच, चमत्कारांची पुस्तकं नंतर. झोपण्याआधी दोन पानं पुरेत. वाचताना स्वतःला गुण देऊ नकोस, एकच प्रश्न विचार: यानं माझ्यासारख्या दिवशी काय केलं? जे सापडेल ते आठवडाभर करून बघ. जमलं तर ठेव, नाही जमलं तर दुसरा संत आहेच. शंका अडली तर धर्मग्रामातल्या फादरांना किंवा सिस्टरांना बेधडक विचार.

आणि हे बघ, १ नोव्हेंबरला आपण सर्व संतांचा सण करतो तो नाव नसलेल्यांचाही असतो. ज्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत, त्यांचाही. तुझी आजी त्यात असेल, तिच्या शेजारची मावशी असेल. तेव्हा मोठं काही करून दाखवायचं ओझं घेऊ नकोस. तू रोज जे रेटतेस ते थोडंथोडकं नाही आणि ते तुला जमतंय, मी बघते ना! झेलीपासून सुरुवात कर. तिची दोन पत्रं वाचून झाली की मला फोन कर, मग पुढचं आपण मिळून ठरवू.