पिशवीची जन्मजात वेगळी घडण : दोष ना लेकीचा, ना सुनेचा

“पोरगी सोळा संपून सतरावं लागलं, अजून शहाणी झाली नाही.” भिंगारच्या वस्त्यांत आया हा प्रश्न कुजबुजत विचारतात. कुणी म्हणते, देवाचं बघा. कुणी म्हणते, लग्न लावून द्या, आपोआप होईल. आम्ही म्हणतो, आधी डॉक्टरांना दाखवा.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची गर्भपिशवी तयार होते. सुरुवातीला दोन बारीक नळ्या असतात. साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात त्या एकमेकींना जुळतात, मधला पडदा विरघळतो आणि एक पिशवी बनते. यात कुठे अडथळा आला तर घडण वेगळी होते. नळ्या जुळल्याच नाहीत तर दोन पिशव्या, अर्धवट जुळल्या तर दोन शिंगांची पिशवी, पडदा विरघळला नाही तर पडद्याची पिशवी, एकच नळी वाढली तर अर्धी पिशवी. सुमारे पाच हजार मुलींमागे एकीला पिशवी जवळजवळ नसतेच. तरीही बहुधा तिची बीजांडे चांगली असतात, छातीची वाढही होते. म्हणून घरच्यांना शंका येत नाही.

हे का घडते, याचे नेमके कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पण आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून किंवा मागच्या जन्मीच्या पापामुळे हे होत नाही, एवढे नक्की.

पुढील गोष्टी दिसल्या तर थांबू नका :

१. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा तेरा वर्षांपर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही.

२. पाळी येत नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात. वाट बंद असल्याने रक्त आत साठत असू शकते. हे लवकर मोकळे करावे लागते.

३. पुन्हा पुन्हा गर्भ पडतो, बाळ दिवस भरण्याआधी होते किंवा पोटात आडवे, पायाळू राहते.

तपासणी सोनोग्राफीपासून सुरू होते, गरज पडल्यास एमआरआय करतात. मूत्रपिंडेही पाहायला सांगा, कारण अशा काही मुलींना एकच मूत्रपिंड असते. नगरच्या जिल्हा रुग्णालयात दाखवता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आशाताईंना सोबत न्या.

प्रत्येक वेगळ्या पिशवीला ऑपरेशन लागत नाही. अनेक बायांची बाळंतपणे सुखरूप होतात, फक्त देखरेख जास्त लागते आणि बाळंतपण दवाखान्यातच करावे लागते. काही पडदे दुर्बिणीने काढता येतात. ‘पिशवी मागे वळली आहे’ हा तर बहुधा दोषच नसतो. तेवढ्यावरून कुणी पिशवी काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

पिशवीच नसेल तर? १८ मे २०१७ रोजी पुण्याच्या गॅलेक्सी केअर हॉस्पिटलमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने सोलापूरच्या एका २१ वर्षांच्या तरुणीवर देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. तिला जन्मतः गर्भाशय नव्हते. तिच्या आईने आपले दिले. हा उपचार मोठा, खर्चिक आणि जोखमीचा आहे, सर्वांसाठी नाही. पण लेकीला दोष न देता आई तिच्या पाठीशी उभी राहिली, हे मात्र प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.

मूल होत नाही म्हणून सुनेला माहेरी धाडणे, लेकीचे दुखणे लपवून लग्न उरकणे, हे दोन्ही अन्यायच. मुलीला खरे सांगा, तिचे शिक्षण चालू ठेवा, तिची गोष्ट गल्लीभर करू नका. लग्नाचा निर्णय तिला मोठेपणी, सगळे माहीत असताना घेऊ द्या.

कारण शोधावे, मग उपाय करावा, ही तथागतांची शिकवण दुखण्यालाही लागू पडते. येत्या पौर्णिमेला विहारात महिला मंडळ जमेल, तेव्हा हा लेख वाचून दाखवा. पुरुषांनाही बसवा.