पत्र्याखाली फोम मारावा का?

प्रश्न : माळवद उतरवून पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही. पावसाळ्यात पहाटे पत्र्याला आतून घाम सुटून अंथरुणावर थेंब पडतात. शीतगृहाला मारतात तसा फोम फवारून घ्यावा का?
– एक वाचक, मंठा

उत्तर : माळवदावरच्या वीतभर पांढऱ्या मातीचं काम तुम्ही अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर सोपवलंत, तो बिचारा काय करणार!

बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम दोन्ही तक्रारींवर चालतो. त्यातले बारीक बुडबुडे बंद असतात, म्हणून उष्णता सावकाश झिरपते आणि दमट हवा गार पत्र्यापर्यंत पोचतच नाही. घाम सुटतो तो रात्री पत्रा खोलीतल्या हवेपेक्षा गार पडतो म्हणून. २५ ते ४० मिलिमीटरचा थर घरासाठी पुरे.

पण आधी शिडी लावून हुकांचे वायसर पाहा. गळका पत्रा फोमने झाकलात तर पाणी आतल्या आत फिरून भलतीकडेच निघेल, आणि पत्रा गंजतोय हे कळायचंही नाही. पत्रा कोरडा, धूळ-तेल पुसलेला हवा. तेव्हा काम उन्हाळ्यातच काढा. फवाऱ्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. किमान एक दिवस-रात्र घर रिकामं ठेवा, घरात कुणाला दमा असेल तर त्याहून जास्त. शिवाय हा फोम पेटतो आणि विषारी धूर सोडतो. चुलीवर नकोच, इतर ठिकाणीही खालून जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड लावा.

खर्च जड वाटत असेल तर आधी पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग द्या. दुपार सुसह्य होईल. थेंब मात्र त्याने थांबणार नाहीत.