समुद्रातला माळा

आपल्या कोल्हापूरला समुद्र नाही, पण राखण सगळ्यांना माहीत आहे. जोंधळ्यात दाणा भरला की आम्ही शेतात माळा घालतो. माळ्यावरून पाखरं लांबनंच दिसतात. असाच एक माळा समुद्रात होता. ते अमेरिकेचे ‘गार्डियन’ जहाज. गार्डियन म्हणजे राखणदार.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २७१० लिबर्टी जहाजे बांधली. त्यातलेच हे १९४५ सालचे मालवाहू जहाज. युद्ध संपले आणि पुष्कळ जहाजे नुसती उभी राहिली. पुढे रशियाशी वैर वाढले. बॉम्बवाली विमाने समुद्रावरून आली तर आधी कळणार कसे? किनाऱ्यावर रडार होते. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तशा रडारच्या लहरी विमानावर आपटून परत येतात. पण लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल. म्हणून लांबचे, खालून उडणारे विमान सापडत नाही.

मग माळाच पुढे नेला! १९५४ मध्ये नौदलाने हे जहाज घेऊन त्यावर रडार बसवले. माल भरायच्या जागेत माणसांची सोय केली. १९५५ पासून ते अटलांटिक महासागरात पहारा करू लागले. अशी १६ जहाजे झाली. ती लई हळू चालायची, पण राखणदाराला पळायचं कुठं असतं?

आठवडेच्या आठवडे तिथंच राहायचं, वादळ आलं तरी. मला हेच अवघड वाटतं. आमच्या माळ्यावरनं रात्री घरी तरी येता येतं.

पुढे विमानांपेक्षा क्षेपणास्त्रांचे भय वाढले. १९६५ मध्ये गार्डियनचा पहारा उठला.