दोन पुरवठ्यांचा संसार

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, मालाची तपासणी करणाऱ्या कॅमेऱ्याचा संगणक सकाळी सुरू करताच त्यातील कार्ड बेपत्ता होई आणि संगणक पुन्हा सुरू केला की निमूटपणे हजर होई; हा प्रकार पाहावयास मला बोलावले, तेव्हा कार्डच सदोष असल्याचा निर्वाळा देऊन पूर्वीचा कारागीर मोकळा झाला होता. वास्तविक, वीज कमी पडते म्हणून कार्डासाठी दुसरा पॉवर सप्लाय बसविलेला होता, आणि त्याचे बटण ऑपरेटर आपल्या सवडीने, बहुधा संगणकानंतर, दाबीत असे.

१२ व्होल्ट आधी यावेत की ३.३, याविषयी पीसीआय एक्स्प्रेसच्या मानकात दंडक नाही. दंडक आहे तो रीसेटचा. सर्व पुरवठे स्थिरावल्यावर निदान १०० मिलिसेकंद मदरबोर्डाने कार्डाला रीसेटमध्ये रोखून धरावे, आणि कोणताही पुरवठा मर्यादेबाहेर जाताच पुन्हा रोखावे, असा तो बंदोबस्त. परंतु मदरबोर्डाला खबर असते ती केवळ आपल्या पुरवठ्याची. तो मुदत संपताच रीसेट सोडतो, बायोस हजेरी घेतो, आणि वीजच न पोहोचलेले कार्ड गैरहजर ठरते.

‘मग आधी कार्ड, नंतर संगणक,’ असा हुकूम मालकांनी तत्काळ काढला. मी तो रद्द करविला. मुख्य डेटा वाहिन्यांत कपॅसिटर असतात हे खरे, पण इतर काही संकेततारा थेट जोडलेल्या असतात. त्यांच्यावाटे जागृत कार्डाची वीज निद्रिस्त बोर्डाच्या चिपांत, त्यांच्या संरक्षक डायोडांतून, शिरू शकते. दरवेळी हानी होतेच असे नाही, आणि म्हणूनच लोक निर्धास्त राहतात.

सोळा लेनच्या स्लॉटातून ७५ वॉट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट मिळू शकतात. त्या बेरजेला पुरेल असा एकच सप्लाय घेणे हा माझ्या मते खरा उपाय. दोन अपरिहार्यच असतील, तर दोघांच्या काळ्या तारा एकत्र जोडाव्यात, मुख्य कनेक्टरातील हिरवी तार सामाईक करावी म्हणजे एकाच इशाऱ्याने दोन्ही सुरू होतील, आणि दोन्ही एकाच यूपीएसवर घ्यावेत. नाहीतर वीज गेल्यावर संगणक चालू आणि कार्ड मृत, अशी विपरीत स्थिती ओढवते. कार्ड काढताना मात्र प्लगच उपसावा, कारण संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालूच असतो.

वागळे इस्टेटपासून कल्याणपर्यंत अशा जोडण्या करून देणाऱ्या कारागिरांना माझी एवढीच विनंती आहे, की दुसऱ्या पुरवठ्याला स्वतंत्र बटण ठेवू नये.