कोरड्या मुलखात रेशीम किडा : पाल्याआधी हवेचा बंदोबस्त

मशरू आणि हिमरू ही नावे आपल्या वाचकांना परकी नाहीत. मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले कापड. वरून रेशीम, अंगाला मात्र सूत. औरंगाबादेत हिमरूचे आणि येवल्यात पैठणीचे माग चालत आले, पण त्यांना लागणारे रेशीम बव्हंशी कर्नाटकातून येत राहिले. आता जालना, बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यांत तुतीच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्याला माल घेऊन थेट रामनगरम गाठण्याची सक्ती उरली नाही. आपल्यातील एक-दोन एकर बागायत असलेली कुटुंबे आणि दुकानदारीतून चार पैसे शिल्लक टाकलेली मंडळी या धंद्याची चौकशी करू लागली आहेत. चौकशीचा पहिला प्रश्न बहुधा भावाचा असतो. भाव खाली-वर होतच राहील. त्याआधी विचारायला हवे ते हे, की एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे आपण या किड्याला हवी ती हवा देऊ शकतो काय?

रेशीम किडा पाणी पीत नाही. त्याला लागणारे सारे पाणी तुतीच्या पाल्यातून मिळते. कोवळ्या पाल्यात वजनाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. बाहेर पारा ४० अंशांवर आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असली, की ट्रेमध्ये टाकलेला बारीक चिरलेला पाला पाहता पाहता कोमेजतो. कोमेजलेल्या पाल्याला अळी तोंड लावीत नाही. पाहणाऱ्याला वाटते, पाला तर भरपूर टाकला आहे; प्रत्यक्षात अळ्या उपाशी असतात. काही मोठ्या होतात, काही मागे राहतात, आणि पुढे सगळी बॅच विस्कळीत होते. म्हणून संगोपनगृहातला ओलावा जितका किड्यासाठी, तितकाच पाल्यासाठी आहे, हे आधी समजून घ्यावे.

किडा थंड रक्ताचा. स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत साधारण २३ ते २८ दिवस जातात. तेवढ्यात तो चार वेळा कात टाकतो, म्हणजे त्याच्या पाच अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्थांना चॉकी म्हणतात. या दिवसांत २६ ते २८ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. तिसरीत २६ अंश व ८० टक्के, चौथीत २५ अंश व ७० ते ७५, आणि पाचवीत २४ अंश व ६५ ते ७० टक्के पुरते. लहानपणी ऊब आणि ओल जास्त, मोठेपणी दोन्ही कमी, अशी ही उतरती भाजणी आहे. एकच हवा महिनाभर धरून ठेवणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

हे मोजायचे कसे? हाताला गार लागते म्हणून हवा ओली, असा अंदाज या धंद्यात चालत नाही. कोरडा-ओला थर्मामीटर घ्यावा. तो काही शे रुपयांत मिळतो. त्यात दोन नळ्या शेजारी असतात आणि एकीच्या बुडाशी ओली वात गुंडाळलेली असते. हवा जितकी कोरडी, तितके वातीतले पाणी जोरात उडते आणि ती नळी खाली उतरते. कोरडी नळी २७ आणि ओली २५ दाखवीत असेल, तर आर्द्रता सुमारे ८५ टक्के. कोरडी २५ आणि ओली २१ असेल, तर सुमारे ७०. उन्हाळ्यात कोरडी ४० आणि ओली २२ दिसली, तर २० टक्केसुद्धा नाही. वात मळली किंवा सुकली की आकडा खोटा येतो, म्हणून ती बदलत जावी आणि वाटीत स्वच्छ पाणी ठेवावे. थर्मामीटर दाराजवळ न टांगता रॅकच्या मधोमध, किड्यांच्या उंचीवर टांगावा.

आता उन्हाळ्याचे पाहू. कोरड्या मुलखाचा एक फायदाही आहे. हवा कोरडी असल्यामुळे पाण्याने ती झपाट्याने गार होते. खिडक्यांना बाहेरून गोणपाट किंवा वाळ्याचे पडदे लावून ते ओले ठेवले, छपरावर उसाचे पाचट घालून त्यावर पाणी सोडले आणि जोडीला कूलर लावला, तर एकाच खर्चात तापमान उतरते आणि ओलावा चढतो. मात्र पडद्याच्या आत बारीक जाळी हवीच, नाही तर उझी माशी शिरून अळ्यांवर अंडी घालते. पावसाळ्यात हाच कूलर घातक ठरतो, कारण हवा आधीच ओली असते. त्या दिवसांत तो बंद ठेवून खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात.

हिवाळ्यात लोक जास्त फसतात. पहाटे बाहेर १२ अंश असताना खोली बंद करून हीटर लावला की पारा २६ वर येतो आणि घरधनी निर्धास्त होतो. पण हवा तापली म्हणून तिच्यातले पाणी वाढत नाही. १२ अंशांना ६० टक्के ओली असलेली हवा २६ अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता २५ टक्क्यांवर येते! म्हणजे ऊब मिळाली, पण चॉकीचा पाला वाळला. यासाठी हीटरजवळ पाण्याचे रुंद भांडे ठेवावे, भिंतीकडेला ओले गोणपाट टांगावे. कोळशाची शेगडी शक्यतो टाळावी. तिचा धूर आणि वायू किड्याला सोसत नाही, आणि बंद खोलीत माणसाच्या जिवालाही धोका असतो. डास पळवणारी अगरबत्ती आणि तंबाखू यांनाही संगोपनगृहात मज्जाव असावा.

चॉकीच्या ट्रेसाठी जुनी हिकमत अजून उत्तम आहे. खाली मेणकागद, कडेने भिजवून पिळलेल्या स्पंजच्या पट्ट्या, आणि वरून पुन्हा मेणकागद. सारी खोली ओली करण्यापेक्षा ट्रेपुरती हवा ओली ठेवणे सोपे जाते. पाला देण्याआधी अर्धा तास वरचा कागद काढून हवा लागू द्यावी. किडे कातीवर बसले की पट्ट्या आणि कागद काढावेत, पाला बंद करावा, चुन्याची भुकटी धुरळून जागा कोरडी करावी.

ओली हवा आणि ओला बिछाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही जण उन्हाळ्यात थेट अळ्यांवर किंवा पाल्यावर पाणी शिंपडतात. त्याने खालची विष्ठा आणि उरलेला पाला कुजतो, आणि गरमीत फ्लॅचरी पसरते. थंडी आणि ओल एकत्र आली तर मस्कार्डिनची बुरशी लागते. मेलेला किडा खडूसारखा पांढरा आणि टणक होतो. पाणी भिंतीवर, जमिनीवर, पडद्यावर असावे, किड्याच्या अंगावर नसावे. पाचव्या अवस्थेत तर वारा खेळता हवाच. एकूण पाल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक पाला याच दिवसांत खाल्ला जातो आणि त्या ढिगातून वाफ उठत राहते.

यापुढची बाब आमच्या व्यापाराशी निगडित आहे. अळी पिकून चंद्रिकेवर चढली, की पुष्कळ शेतकरी सुटलो म्हणतात. खरे तर मालाचा दर्जा पुढच्या तीन दिवसांत ठरतो. या वेळी २४-२५ अंश, ६० ते ६५ टक्के आर्द्रता आणि भरपूर वारा लागतो. अळी कोष विणण्याआधी लघवी करते. ती ओल खोलीत साचली तर धाग्यावरचा डिंक नीट सुकत नाही. असा कोष बाहेरून गोरागोमटा दिसतो, पण गरम पाण्यात घालून धागा ओढू लागले की जागोजागी तुटतो. चांगल्या दुबार संकरित कोषातून ८०० ते १२०० मीटर सलग धागा निघतो, आणि त्या सलगपणाचेच पैसे मिळतात. रीलिंगवाला कोष हलवून, दाबून, कापून पाहतो आणि मगच बोली लावतो. त्यावर हुज्जत घालून उपयोग नाही. महिनाभर जपलेली ओल या तीन दिवसांसाठी मुद्दाम सोडावी लागते. नवख्याला हेच सर्वांत अवघड जाते.

पैशाचा हिशेबही याला धरूनच करावा. १०० अंडीपुंजांतून ४० ते ५० हजार अळ्या निघतात, आणि नीट पार पडली तर ६० ते ७० किलो कोष येतात. पाचव्या अवस्थेपर्यंत पाला, मजुरी, औषध सारे खर्च झालेले असते. तेव्हा दोन दिवस हवा बिघडली, तर बुडते ती पूर्ण रक्कम. म्हणून ज्याच्याकडे थोडेच भांडवल आहे त्याने तुतीचे क्षेत्र कमी ठेवावे, पण छत, जाळी, कूलर आणि वीज गेल्यास पर्यायी सोय यांत कसर करू नये. पहिल्या वर्षी अंडी आणण्याऐवजी चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेले किडे घ्यावेत. सर्वांत नाजूक दिवस जाणत्या हातात जातात. ते सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर आणावेत, भर दुपारी टेम्पोत घालू नयेत. आणि हवा आवरण्याची साधने उभी राहिलेली नसतील, तर एप्रिल-मेची बॅच घेऊच नये. ते दोन महिने बागेची छाटणी आणि संगोपनगृहाचे निर्जंतुकीकरण करण्यात घालवावेत.

कोष काढणी विणाईच्या सहाव्या-सातव्या दिवशी करावी आणि माल लगेच बाजारात न्यावा. भाव चढेल म्हणून घरात थांबवता येत नाही, कारण थोड्याच दिवसांत पतंग कोष फोडून बाहेर पडतो आणि फुटलेल्या कोषातून सलग धागा निघत नाही. नेताना प्लास्टिकच्या बंद पिशव्या वापरू नयेत. सैल विणीच्या गोणीत किंवा जाळीच्या क्रेटमध्ये, दाबून न भरता न्यावे. रात्रीचा प्रवास बरा.