ताबा कोणाचा?

रुग्णालयात संगणकप्रणाली आली म्हणजे अपघात विभाग आणि वॉर्ड यांच्यातील निरोपांचा घोळ आपोआप मिटेल, अशी समजूत अधिष्ठात्यांपासून मामा-मावशींपर्यंत सर्वांची असते. परंतु रुग्णाची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे नेमकी केव्हा जाते, हे आधी ठरविले नाही तर त्याच प्रणालीपायी काय ओढवते, ते मी परिसेविका या नात्याने जवळून पाहिले आहे.

मधुमेहातील किटोॲसिडोसिसने अत्यवस्थ झालेली एक स्त्री आमच्याकडे दाखल झाली. शिरेतून इन्सुलिन सुरू झाले, रक्त तपासणीस गेले, आणि मेडिसिनच्या वॉर्डात खाट मंजूर होताच लिपिकाने संगणकावर तिच्या नावापुढे खाटेचा क्रमांक घातला. तत्क्षणी तिचे नाव अपघात विभागाच्या यादीतून उतरून वॉर्डाच्या यादीत चढले. वॉर्डातली खाट मात्र अद्याप रिकामी व्हावयाची होती, आणि ती बाई पडद्याआड स्ट्रेचरवरच होती. प्रयोगशाळेने पोटॅशियम २.६ असल्याचे लाल अक्षरांत कळविले ते वॉर्डाला. तेथील सिस्टरने पाहिले तर खाटेवर दुसराच रुग्ण, म्हणून अहवाल चुकून आला असावा असे तिने धरले. आणि इकडे यादीत नावच नसल्यामुळे डॉक्टरांना अहवालाचा पत्ता नव्हता. इन्सुलिनमुळे रक्तातील पोटॅशियम पेशींत ओढले जाते, म्हणून ते ३.३ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम भरून काढावयाचे आणि तोवर इन्सुलिन थांबवावयाचे, हा नियम दोन्हीकडच्यांना मुखोद्गत होता. मॉनिटरवर ठोके चुकू लागलेले पाहून एका निवासी डॉक्टरने प्रयोगशाळेस फोन केला, म्हणून ती वाचली.

माझे आग्रहाचे सांगणे असे की, खाट राखून ठेवणे, रुग्ण रवाना करणे आणि रुग्ण ताब्यात घेणे या तीन वेगळ्या नोंदी असाव्यात, आणि वॉर्डातील सिस्टरने मनगटपट्टी पडताळून स्वतःच्या नावाने ताबा स्वीकारीपर्यंत रुग्ण, त्याचे अहवाल व त्याची औषधे अपघात विभागाच्याच यादीत राहावीत. लिहून दिलेले औषध आणि प्रत्यक्ष दिलेले औषध यांचेही रकाने निराळे हवेत, नाहीतर रक्त पातळ करणारे इंजेक्शन दोनदा टोचले जावयास वेळ लागत नाही. धोक्याचा आकडा प्रयोगशाळेने फोनवरही सांगावा, आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा.

तोंडी निरोपाला फाटा देण्याचा मोह मात्र टाळावा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आय-पास अभ्यासात, नऊ रुग्णालयांतील बालरोग विभागांच्या निवासी डॉक्टरांच्या पाळीबदलास शिस्त लावल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. तेथे लेखी साच्याइतकाच भर बोलण्याच्या ठरीव क्रमावर, प्रशिक्षणावर आणि वरिष्ठांच्या देखरेखीवर होता. रुग्णाची सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, आपले निदान आणि पुढे काय करावे, एवढे चार मुद्दे एका सिस्टरने दुसरीला सांगावयास फार वेळ लागत नाही.

खरेदीपूर्वी कंपनीचा प्रतिनिधी प्रात्यक्षिक दाखवू लागला, की त्याला एवढेच विचारावे: खाट मिळाली, रुग्ण पोहोचला नाही, आता अहवाल कोणाला दिसेल? याचे उत्तर तोंडी घेऊ नये. रात्रपाळीच्या सिस्टरला शेजारी बसवून, तिच्या देखत, पडद्यावर करून दाखवावयास लावावे, आणि तिची खात्री पटेपर्यंत मंजुरीच्या कागदावर सही करू नये.